आद्य कवयित्री महदाइसा आणि जीवाची योग्यता

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर ह्या चार नित्य पदार्थांचा विवेक हा आपल्या ब्रह्मविद्येचा पाया होय, हे ह्या पृष्ठांच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. जीव अनादि अविद्येने बद्ध आहे, तथापि तो मोक्षास पात्र आहे. स्त्री, पुरुष, ब्राह्मण, अंत्यज, सुवासिनी, विधवा ही सर्व विशेषणे देहाची, देह प्रपंचातला. जीवाला त्यांपैकी एकही चिकटत नाही. हे आम्ही निरूपणात सांगतो आणि श्रोते माना डोलावतात. परंतु जिला चारचौघांनी बालपणापासून हलके लेखले, तिच्या अंतःकरणात हा सिद्धान्त उतरतो कसा, हा प्रश्न निराळा आहे. सतत हीन म्हणून वागविला गेलेला मनुष्य कालांतराने स्वतःच स्वतःला हीन मानू लागतो. लोकांनी केलेली अवहेलना मग लोकांची राहत नाही, ती त्याची स्वतःची समजूत होऊन बसते. अशा माणसापुढे जीवाच्या योग्यतेचे निरूपण केले, तर हे निरूपण इतर कोणासाठी तरी असावे असे त्याला वाटते. ही गाठ सुटते कशी, हे पाहावयाचे असेल तर महदाइसांच्या चरित्राकडे वळले पाहिजे. आद्य मराठी कवयित्री म्हणून त्यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. त्या कवयित्री झाल्या त्यापूर्वी त्या कोण होत्या आणि लोकांच्या लेखी काय होत्या, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

महदाइसांचे घराणे विद्वान ब्राह्मणांचे. वायनायक हे त्यांचे वडील. आचार्य श्रीनागदेव, म्हणजेच आपले भटोबास, हे त्यांचे चुलत बंधू; भटोबासांच्या मातोश्री आबाइसा आणि भगिनी उमाइसा ह्याही पुढे श्रीचरणी आल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. ह्या घराण्याचे मूळ पुरुष वामनाचार्य. त्यांच्या पत्नीचे नावही महदाइसाच होते, त्या स्वतः शास्त्रनिपुण होत्या आणि राजसभेत त्यांनी वादात जय मिळविला होता, असे परंपरा सांगते. आपल्या चरित्रनायिकेचे मूळ नाव रूपाइसा असल्याचेही सांगितले जाते. परंतु संप्रदायाने व पुढे मराठी वाङ्मयाने त्यांना ओळखले ते महदाइसा किंवा महदंबा ह्या नावाने. विदुषीच्या घराण्यात जन्म, घरी विद्येचे वातावरण, बुद्धी तल्लख. इतके असूनही एका घटनेने ह्या सर्वांवर पाणी पडले. महदाइसा लहान वयातच विधवा झाल्या.

तेराव्या शतकातील उच्चवर्णीय घरात बालविधवेचे स्थान काय होते, याची कल्पना करण्यास फार दूर जावयास नको. आमच्या आजी-पणजींच्या पिढीपर्यंत ते तसेच टिकून होते. ती पितृगृही परत येई. अन्नवस्त्राला कोणी नाही म्हणत नसे, परंतु घरातील कोणत्याही शुभकार्यात तिचा हात चालत नसे. हळद कुटावयाची ती सुवासिनींनी, अक्षता टाकावयाच्या त्या सुवासिनींनी, मांडवातील गाणी गावयाची तीही सुवासिनींनी. सकाळी घराबाहेर पडणाऱ्याने तिचे तोंड पाहिले तर अपशकुन. तिने काही अपराध केलेला नसे. आणि म्हणूनच शिक्षा कधी संपेल हेही कोणी सांगू शकत नसे. छळापेक्षा ही मूक अवहेलना अधिक खोल जाते, असे आमचे मत आहे. छळणाऱ्याशी भांडता येते. जो केवळ बाजूला सरकतो, त्याच्याशी भांडावे कसे?

अशा स्थितीत बुद्धिमान स्त्रीला उरणारा एकच मार्ग म्हणजे देवधर्म. महदाइसा प्रथम रामदेव दादोस यांच्या अनुयायी झाल्या. दादोस हे त्या काळी नावलौकिक असलेले पुरुष. त्यांच्याभोवती भक्तांचा मोठा परिवार होता. त्यांच्याच निमित्ताने महदाइसांना सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे सन्निधान लाभले. दादोसांच्या परिवारातील अनेकजण पुढे स्वामींकडे ओढले गेले आणि ती गोष्ट दादोसांना रुचली नाही, ही हकीकत लीळाचरित्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. तिच्यात फार शिरण्याचे प्रयोजन नाही. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, पहिल्या गुरूकडे महदाइसा मोठ्या समूहातील एक होत्या. स्वामींच्या सन्निधानी आल्यावर त्या प्रश्न विचारणाऱ्या झाल्या.

ह्या एका बदलावर आम्ही थोडे थांबू इच्छितो. लीळाचरित्र वाचताना महदाइसांचे नाव कोठे कोठे येते हे कोणी निरखून पाहावे. पुष्कळदा ते प्रश्नाबरोबर येते. एखादी गोष्ट त्यांनी ऐकली आणि गप्प बसल्या, असे सहसा होत नाही. हे असे का, ते तसे का, अमुक देवतेचे काय, तमुक आचाराचे फळ काय. त्यांची पृच्छा चालूच असे. स्वामी त्यांना प्रेमाने म्हातारी म्हणत, आणि ही म्हातारी मोठी जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, सदैव काही ना काही विचारीतच असते, अशा आशयाचा गौरव त्यांनी केलेला आहे. संप्रदायात हा गौरव आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातील नवल आपल्या लक्षात येईनासे झाले आहे. ज्या समाजात विधवेने समोर येणेदेखील अशुभ, तेथे एका विधवेच्या सततच्या प्रश्नांना साक्षात सर्वज्ञ उत्तरे देतात, आणि त्या प्रश्नांनाच तिचा गुण म्हणून ओळखतात!

येथे स्वामींनी महदाइसांचे सांत्वन केले असे म्हणता येणार नाही. सांत्वन करणारा बहुधा दुःखिताला दुःखितच ठेवतो. तो त्याला वरून पाहतो. तू बिचारी आहेस, हे तो अधिक गोड शब्दांत सांगतो, इतकेच. प्रश्नाला उत्तर देणे ही निराळी गोष्ट आहे. उत्तर देणारा समोरच्याची बुद्धी गृहीत धरतो. ज्याला उत्तर मिळते त्याला पुढचा प्रश्न सुचतो, आणि असे दहा प्रश्न झाले की आपल्याला समजू शकते ही प्रतीती त्याची त्यालाच येते. ती कोणी बाहेरून बहाल करावी लागत नाही. आमच्या मते महदाइसांच्या अंतःकरणातील गाठ येथे सुटू लागली.

स्वामींच्या सन्निधानी स्त्रियांची संख्या मोठी होती. पैठणच्या नागुबाइसा, ज्यांना आपण बाइसा म्हणतो, त्या स्वामींकडे येण्यापूर्वी स्वतःच एक मठ चालवीत होत्या. अशा स्त्रियांनी श्रीमुखीचे निरूपण पुरुषांच्या बरोबरीने ऐकावे, हे काही पुरुषांस खटकले. त्यावेळी स्वामींनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. पुरुषांच्या ठिकाणी तेवढा जीव असतो आणि स्त्रियांच्या ठिकाणी त्याहून लहानसे, कमी प्रतीचे काही असते काय. पुरुषांना एक देव आणि स्त्रियांना दुसरा एखादा छोटा देव नेमून दिला आहे काय, अशा अर्थाचा तो प्रतिप्रश्न होता. विटाळाच्या प्रश्नावरही स्वामींनी हीच दृष्टी ठेवली. देहाच्या इतर द्वारांतून जसे मळ बाहेर पडतात तसाच हा एक देहधर्म, त्याने जीवाला काही लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी, देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, जेव्हा व्रतवैकल्यांचे आणि सोवळ्याओवळ्याचे बंड माजले होते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

ह्या ठिकाणी एखादा साधक अशी शंका घेईल की, आपल्या आचारधर्मात तर मान सोडावयास सांगितले आहे. साधकाने अवहेलना सोसावी, भिक्षेला गेले असता कोणी टाकून बोलले तरी प्रतिकार करू नये, स्वतःस सर्वांहून लहान समजावे. मग गेलेला आत्मसन्मान परत मिळविण्याची भाषा अनुसरलेल्यास शोभते काय? शंका योग्य आहे आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. मान ही लोकांच्या हातची वस्तू होय. ते देतात आणि काढूनही घेतात. तिच्यावर ज्याचे चित्त बसले तो सुखी होणे नाही, म्हणून ती सोडावयास सांगितली. परंतु जीवाची मोक्षास पात्र असण्याची योग्यता लोकांनी दिलेली नाही, तेव्हा लोकांनी काढून घेतली असे म्हणण्यासही अर्थ नाही. आपण अयोग्य आहोत असे मानून जो नम्र होतो, त्याची नम्रता ही नम्रता नसून भय होय. तो मान सोडीत नाही. त्याच्याजवळ सोडण्यासारखे काही आहे असेच त्याला वाटत नसते. महदाइसांना मानाची हाव होती असे चरित्रात कोठे दिसत नाही. मात्र आपल्याला विचारण्याचा अधिकार आहे, याविषयी त्यांच्या मनात पुढे कधी किंतुही राहिला नाही.

इ. स. १२७४च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भक्तजन पोरके झाले. ह्यानंतरचा काळ महदाइसांच्या दृष्टीने खरी कसोटी होती. ज्यांच्या दृष्टीत आपल्याला योग्यता लाभली असे वाटते, ते दृष्टीआड झाले म्हणजे पुष्कळांची योग्यता त्यांच्याबरोबरच नाहीशी होते. भटोबासांसह ही मंडळी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस आली. हे ऋद्धिपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील आजचे रिद्धपूर. श्रीप्रभूंची लीळा स्वामींच्या लीळेहून भिन्न. स्वामी निरूपण करीत. श्रीप्रभू निरूपण करीत नसत. ते बालकासारखे खेळत, रुसत, हसत, रागावत, कोणाच्याही घरात शिरत, महार-मांगांच्या वस्तीत जात. गावातील पंडितम्हणविणारे त्यांना वेडे समजत आणि गावातील दीनदुबळे त्यांना आपली माय आणि आपला बाप समजत. दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच वेळी चालू होत्या. लोकांच्या अभिप्रायाची किंमत किती असते, हे महदाइसांना तेथे डोळ्यांनी पाहावयास मिळाले असले पाहिजे.

ऋद्धिपुरातील ह्या वास्तव्यातच तो प्रसंग घडला, ज्यामुळे मराठी भाषा महदाइसांची ऋणी झाली. श्रीप्रभूंना आपला विवाह मांडावा अशी प्रवृत्ती झाली. परमेश्वराचा खेळ, भक्तजनांनी तो मनोभावे मांडला. विवाह म्हटला म्हणजे मांडव आला, हळद आली, आणि वराला उद्देशून गावयाची गीते आली. ह्या गीतांना धवळे म्हणत. ती गाण्यासाठी श्रीप्रभूंनी कोणाला आज्ञा केली? महदाइसांना.

धवळ्यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांतील भाषा, छंद, आख्यान, त्यांचा काळ, सर्व गोष्टींची चर्चा विद्वानांनी केली. परंतु ह्या आज्ञेतील मर्माकडे पुरेसे लक्ष गेले असे आम्हांस वाटत नाही. महदाइसा विधवा होत्या. लग्नाच्या मांडवात पाऊल टाकणेही जिला वर्ज्य, तिला वराजवळ बसवून लग्नाची गाणी गावयास सांगितले गेले. तिला वर्ज्य केलेल्या गोष्टी थोड्या नव्हत्या. तीर्थयात्रा, व्रते, जपजाप्य एवढे मोकळे ठेवून बाकी सर्व बंद होते. त्यांतील कोणतेही एखादे दार श्रीप्रभूंना उघडता आले असते. त्यांनी नेमके तेच उघडले, जे बालवयात तिच्या तोंडावर सर्वांत प्रथम बंद झाले होते. त्यांनी ह्याविषयी काही सांगितले नाही, समजावले नाही. खेळ मांडला आणि त्या खेळात तिची जागा तिला दिली.

आणि महदाइसा गायल्या. मी कशी गाऊ, लोक काय म्हणतील, असे त्यांनी म्हटल्याचे परंपरा सांगत नाही. आज्ञा होताच त्यांनी श्रीकृष्णचक्रवर्ती आणि रुक्मिणी यांच्या विवाहाचे आख्यान रचीत रचीत गायिले. धवळ्यांचा पूर्वार्ध तो हाच. श्रीप्रभूंनी इ. स. १२८७च्या सुमारास देह ठेवला, तेव्हा ही रचना त्यापूर्वीची किंवा त्याच सुमाराची ठरते; म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्याही थोडी आधीची. मराठीतील पहिले आख्यानकाव्य म्हणून तिची गणना होते. उत्तरार्ध त्यांनी पुढे रचला. ह्याखेरीज मातृकी रुक्मिणीस्वयंवर हीही त्यांचीच रचना; तिच्यात वर्णमालेतील अक्षरांच्या क्रमाने तीच कथा गुंफली आहे. एकच कथा दोनदा सांगावीशी वाटणे, हेही कवीच्या मनाविषयी काही सांगून जाते.

ही कथा कोणती, हेही पाहण्यासारखे आहे. रुक्मिणी ही कुंडिनपूरच्या भीमकराजाची कन्या. कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर. ते आज अमरावती जिल्ह्यातच मोडते. ज्या वऱ्हाडात बसून महदाइसा गात होत्या, त्याच वऱ्हाडातील ही मुलगी. भाऊ रुक्मी तिला न विचारता शिशुपालाला देऊ करतो. लग्नाची तयारी होते, तिथी ठरते. जिचे लग्न तिला मात्र कोणी विचारीत नाही. तेव्हा ती रडत बसत नाही. एका ब्राह्मणाकरवी ती थेट द्वारावतीला श्रीकृष्णांकडे निरोप धाडते. घरच्यांनी आपली किंमत एका सोयरिकीच्या सोईइतकी ठरविली असता, ती किंमत तिने मान्य केली नाही. आपण परमेश्वराला वरण्यास योग्य आहोत हे तिला कोणी शिकविले नव्हते. भागवताच्या दशम स्कंधापासून ही कथा शेकडोंनी सांगितली. एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर तर घरोघरी वाचले गेले. परंतु मराठीत ती प्रथम सांगितली ती मांडवाबाहेर ठेवलेल्या एका स्त्रीने, हे विसरता येत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट असो की गोदातीरावरचे एखादे खेडे असो, हळदीच्या दिवशी विधवा आई आपल्याच मुलाला हळद लावावयास पुढे होत नाही, हे दृश्य आजही पुष्कळ घरी दिसते. तिला कोणी अडवीत नाही. अडविण्याची गरजच उरलेली नसते. ती आपण होऊन मागे बसते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनी तोच कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ही अत्यंत इष्ट गोष्ट झाली. परंतु खानदेशातील जी वासनिक कुटुंबे मार्गशीर्षात सारंगखेड्याला एकमुखी दत्तप्रभूंच्या दर्शनास जातात, त्यांना हा ठराव साडेसातशे वर्षे जुना आहे. आपल्या घरातील लग्नात आपण त्याचे पालन करतो काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

श्रीप्रभूंच्या पश्चात मार्गाची सर्व जबाबदारी भटोबासांवर आली. त्यांच्या कारकिर्दीतील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे, कारण त्यात महदाइसांसारख्या स्त्रियांचे स्थान आचार्यांनी कसे राखले ते दिसते. केशोबास आणि पंडित दामोदर हे दोघे गाढे संस्कृतज्ञ. त्यांनी भटोबासांस संस्कृतातून प्रश्न केला असता, स्वामींनी आपल्याला मराठीतून निरूपण केले, तेव्हा मराठीतच विचारा, असे आचार्यांनी त्यांना बजावले. केशोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना चालविली तेव्हाही भटोबासांनी त्यांना थांबविले. कारण काय, तर अशाने माझ्या म्हाताऱ्या नागविल्या जातील. विद्वानांची सोय मोठी की म्हाताऱ्यांचा अधिकार मोठा, असा तो प्रश्न होता आणि आचार्यांनी तो एका वाक्यात निकालात काढला. मराठी ही आपली धर्मभाषा झाली ती ह्या म्हाताऱ्यांमुळे. आज रिद्धपूर येथे मराठी भाषेचे विद्यापीठ उभे आहे. त्याच्या पायात ह्या म्हाताऱ्यांचाही एक दगड आहे, असे आम्ही म्हणतो.

भटोबासांना हे निश्चयाने म्हणता आले ह्याचे एक कारण असे की, ह्या म्हाताऱ्यांपाशी केवळ ऐकण्याचा अधिकार नव्हता, देण्यासारखेही पुष्कळ होते. सराळ्याचे महिमभट्ट हे पंडित म्हणून गाजलेले. स्वामींच्या लीळा एकत्र कराव्यात असे त्यांनी मनावर घेतले तेव्हा ते ज्यांनी ज्यांनी त्या लीळा पाहिल्या त्या प्रत्येकाकडे गेले. भटोबासांच्या आठवणी ही त्यांची मुख्य शिदोरी. तद्वत् महदाइसांकडूनही त्यांनी लीळा मिळविल्या. प्रश्न विचारणाऱ्याच्या स्मरणात उत्तर पक्के राहते, हा सर्वांचा अनुभव आहे. लीळाचरित्रातील किती निरूपण आपल्याला केवळ महदाइसांनी विचारले म्हणून लाभले, याचा हिशेब कोणी मांडला तर तो अभ्यास मोलाचा होईल. पुढे खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला. त्या कामीही हिराइसा नावाच्या साधिकेच्या स्मरणाचा आधार झाला. ज्यांना घराच्या ओसरीवर स्थान नव्हते, त्या स्त्रियांच्या मुखात मराठीतील पहिला गद्यग्रंथ सुरक्षित राहिला.

महदाइसांचे धवळे पुढे सहा शतके मठांतून, पोथ्यांतून, सकळ लिपीच्या आड राहिले. बाहेरच्या मराठी जगाला त्यांचा पत्ता नव्हता. ह्या काळात केवळ एक स्त्री नव्हे, सबंध मार्गच अवहेलनेचा धनी झाला होता. मानभावी हा शब्द ढोंगी ह्या अर्थाने मराठीत रूढ झाला आणि अजून तो कोशातून गेलेला नाही. आपल्या नावाचीच शिवी झालेली ऐकत आपल्या पूर्वजांनी दिवस काढले. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी सकळ लिपी उलगडली, पोथ्या उजेडात आल्या, आणि आद्य मराठी गद्य आणि आद्य मराठी कवयित्री ही दोन्ही ह्याच उपेक्षित मार्गात सापडली, हे विद्वानांना मान्य करावे लागले. ह्या गोष्टीचा आपल्याला आनंद वाटतो, तो योग्यच आहे. मात्र विद्वानांनी मान्य करण्यापूर्वीही धवळे तेवढेच चांगले होते.

एक गोष्ट मनात सलते ती लिहून टाकतो. महदाइसांचे नाव आपण व्याख्यानांतून अभिमानाने घेतो. परंतु आपल्याच कित्येक आश्रमांतून वयोवृद्ध तपस्विनी सकाळपासून रात्रीपर्यंत स्वयंपाक, सडासंमार्जन आणि पाहुण्यांची उठबस ह्यांतच गुंतलेल्या असतात. त्यांतील एखादीला लीळा मुखोद्गत असतात, एखादीला स्थळांची खडान्खडा माहिती असते. निरूपणाच्या वेळी त्या दाराशी बसतात. त्यांना काही विचारावयाचे आहे काय, असे त्यांना कोणी विचारीत नाही. आणि आपल्याला विचारावयाचे आहे असे त्यांनाही बहुधा वाटेनासे झालेले असते. त्यांपैकी एकीने भीत भीत केलेला प्रश्न आम्ही एकदा ऐकला होता. त्या सभेत तसा दुसरा प्रश्न झाला नाही.

महदाइसांच्या उत्तरायुष्याविषयी थोडेच सांगण्यासारखे उरले आहे. त्या भटोबासांच्या परिवारात राहिल्या. ज्या भावाबरोबर एका घराण्यात वाढल्या, त्यालाच आचार्य मानून त्यांनी आज्ञा पाळली. आणि प्रसंग पडला तेव्हा त्या आचार्याला चार शब्द सांगण्याचा वडीलकीचा हक्कही त्यांनी सोडला नाही. स्वामींच्या वेळचे तेच प्रश्न विचारणे, तेच विवरण करणे त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवले. भटोबासांच्या हयातीतच त्यांनी देह ठेवला. ते वृत्त कळले तेव्हा आचार्यांना झालेले दुःख स्मृतिस्थळात नोंदलेले आहे. ही म्हातारी धर्माचे रक्षण करणारी होती, आणि आपलेही ती निरंतर रक्षण करीत असे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. ज्या बालविधवेचे रक्षण पित्याने आणि भावाने करावयाचे अशी जगाची रीत, तिच्याविषयी मार्गाच्या आचार्यांनी हे सर्वांसमक्ष सांगितले.